वाळवंटातलं स्थळ

सहली आखणाऱ्या माणसाला प्रवासाची आवड असते, हा एक गैरसमज आहे. मिठाईवाला घरी गेला की ठेचा-भाकरी मागतो. तसा मी सुट्टी मिळाली की दार लावून पडून राहत असे. शाहूपुरीत माझं सहलींचं ऑफिस होतं. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर भारताचा नकाशा आणि त्या नकाशापुढे उभं राहून "ह्यातलं काय बघायचं ऱ्हायलंय ओ आपलं?" असं विचारणारं गिऱ्हाईक. ते सगळं मी आता भाच्याकडे सोपवलं आहे. नकाशा मात्र घरी आणला. वर्षानुवर्षं त्यावर कुणीतरी बसत आलं असावं असं वाटेल इतका तो जुना झाला आहे.

लोकांना वाटतं, आम्ही प्रेक्षणीय स्थळं शोधतो. स्थळं शोधायला काय लागतं? ती शेकडो वर्षं आपापल्या जागी उभी आहेत, पळून जात नाहीत. आम्ही शोधतो ती शौचालयं. सहलीचा मार्ग म्हणजे एका बऱ्यापैकी शौचालयापासून दुसऱ्या बऱ्यापैकी शौचालयापर्यंत काढलेली रेघ. मध्ये किल्ला लागला तर किल्ला, देऊळ लागलं तर देऊळ. त्यानंतर जेवण. कोल्हापूरचा माणूस जगातलं कुठलंही आश्चर्य बघताना आधी "हितं मटण मिळतंय काय?" असं विचारतो आणि मिळालं की "आपल्यासारखं न्हाय" म्हणून उरलेली सहल दुःखात काढतो. यावर उपाय म्हणून आमच्याबरोबर गफूरमामू असत. हे आमचे आचारी. ते कांदा-लसूण चटणीचा डबा मांडीवर घेऊन प्रवास करत. बाकीचं सामान गाडीच्या टपावर गेलं तरी चालेल, पण डबा मांडीवर.

शौचालय आणि जेवण जमलं की तिसरी अडचण म्हणजे मोठी माणसं. त्यांच्याविषयीच लिहिणार आहे.

आण्णासाहेब चौगुले हे गुळाचे अडते आणि एका पतसंस्थेचे माजी अध्यक्ष. कोल्हापुरात 'माजी' हे पद चालू पदापेक्षा भक्कम असतं. चालू अध्यक्षाला निवडणुकीत कुणीही पाडू शकतो, माजीला पाडायचं कसं? ते ऑफिसात आले तेव्हा बरोबर त्यांच्या पत्नी पद्मक्का आणि मुलगी स्नेहल होत्या.

"काश्मीर झालं, केरळ झालं, दुबई झाली," आण्णासाहेब म्हणाले. "आता वाळवंट. पण हाटेलातलं वाळवंट नगो. अस्सल पायजे. उंट, तंबू, भटकी माणसं. आमचा सगळा ग्रुप येतोय."

"एकदम वाळवंट कसं सुचलं?"

"पोरीचं ठरलंय. मलकापूरचं स्थळ हाय, कापडाचं मोठं दुकान. परत आलं की सुपारी फोडायची. म्हटलं, त्याच्याआधी एकदा फिरवून आणू."

स्नेहल जनावरांची डॉक्टर. शाहूवाडीकडच्या डोंगरी गावांत दुचाकीवरून फिरून म्हशी तपासायची. मलकापूरच्या मंडळींची एवढीच अट होती की लग्नानंतर नोकरी सोडायची. जनावरांच्या मागं हिंडणारी सून त्यांच्यात चालत नव्हती, गल्ल्यावर बसणारी चालत होती. हे आण्णासाहेबांनी मला तिच्यासमोरच सांगितलं, गुळाच्या रव्याबद्दल, म्हणजे ढेपेबद्दल, सांगावं तसं. ती नकाशाकडे बघत होती.

गाडीत जागा कशा द्यायच्या हे ठरवायचं म्हणून मी तिला विचारलं, "वरचा बर्थ चालेल का?"

"चालंल की," आण्णासाहेब म्हणाले.

बघायला जायच्या दोन गोष्टींना मराठीत स्थळ म्हणतात, एक सहलीचं आणि एक लग्नाचं. दोन्हीकडे फोटोवरून फार अपेक्षा ठेवू नयेत, एवढाच सल्ला मी अनुभवाने देऊ शकतो. त्या दिवशी दिला नाही, कारण मागितला नव्हता.

मग मी वाळवंट आखायला बसलो. इथे माझी विद्या संपली. वाळवंटात शौचालय नसतं, किंवा सगळीकडेच असतं, फक्त आडोसा नसतो. वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकतात, त्यामुळे 'डावीकडच्या टेकडीपासून उजवीकडे' असं सांगता येत नाही. वाळवंटातलं मुख्य आकर्षण सूर्यास्त. चौगुले मंडळी जैन, सूर्य बुडायच्या आत जेवण उरकणारी. म्हणजे सगळे पर्यटक उंटावर चढतात त्या वेळी यांची पंगत. पद्मक्कांनी आपला स्टोव्ह, आपली भांडी आणि दशम्यांचा डबा वेगळा घेतला आणि "आमची काळजी करू नगासा" म्हणून मला सोडवलं.

भटक्यांची भेट ठरवणं त्याहून अवघड. जोधपूरला आमचा एक माणूस होता. त्याला फोन केला.

"राईका लोकांचा डेरा बघायचाय. उंट पाळणारे. कुठे असतात?"

"साहब, वो तो घूमते रहते हैं."

"हो, पण आम्ही येऊ तेव्हा कुठे असतील?"

"जहाँ चारा होगा."

"आणि चारा कुठे असेल?"

"यह तो ऊँट को पूछना पड़ेगा, साहब."

इकडे आण्णासाहेबांना कार्यक्रमपत्रिकेत 'सायंकाळी ठीक पाच वाजता भटक्या बांधवांशी हितगुज' असं छापून हवं होतं. जो माणूस आपल्या घराचा पत्ता सांगू शकत नाही त्याच्याकडून ठीक पाचची वेळ मागणारा मी पहिलाच असेन. शेवटी जोधपूरच्या माणसाने एका डेऱ्याच्या म्हाताऱ्याशी बोलून ठेवलं. भटक्यांकडे मोबाइल असतो, हे आमच्या ग्रुपला पटायला जड गेलं. अस्सलपणा कमी झाला म्हणे.

निघायच्या दिवशी स्टेशनवर आण्णासाहेबांच्या सामानात एक गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं. मला तंबू वाटला. तो फ्लेक्स होता. शिवाय एका पिशवीत शाली, एकात नारळ आणि एकात फेटे.

"हे कशाला?"

"सत्काराला."

"कुणाच्या?"

"कुणाचा तरी असंलच की."

आता हे बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे माणूस दिसला की त्याचा सत्कार करायची पद्धत आहे. दहावी पास झालेल्याचा होतो, बदली होऊन आलेल्याचा होतो, बदली होऊन गेलेल्याचा तर फार आनंदाने होतो. शाल, श्रीफळ, फेटा आणि चार शब्द. श्रोत्यांत सत्काराला कोणी उरलं नाही तर आयोजक एकमेकांचा करून घेतात. त्यामुळे पुण्यापुढे जाताना कोल्हापूरचा मोठा माणूस औषधं विसरेल, नारळ विसरणार नाही.

आम्ही अहमदाबाद, जोधपूर करत बसने जैसलमेरच्या पुढे गेलो. पहिली मोठी टेकडी दिसल्यावर सगळ्यांनी फोटो काढले. फक्त पन्हाळ्याकडचे बापू, जे वाळूचे ठेके घेत, ते हात कमरेवर ठेवून बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तरी चालेल.

"हे सगळं असंच पडलंय?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"लिलाव न्हाय, ठेका न्हाय, तहसीलदार न्हाय." त्यांनी मूठभर वाळू उचलून बोटांतून सोडली. "किती ब्रास असंल ओ अंदाजे?" मग चेहरा उतरला. "बारीक हाय खरं. बांधकामाला उपेगी न्हाय." त्यानंतर त्यांचं वाळवंटावरचं मन उडालं.

डेरा सापडला तेव्हा दुपार कलली होती. झुडपांत पसरलेले उंट, चार खाटा, चूल, बायकामाणसं आणि मधोमध भलामोठा लाल फेटा बांधलेले हरजीराम. हे डेऱ्याचे म्हातारे. त्यांचा धाकटा मुलगा भेराराम क्रिकेटची टोपी घालून उंटांना पाणी दाखवत होता. आम्ही उतरलो तशी स्नेहल कोणाशी न बोलता एका लंगडणाऱ्या सांडणीकडे, म्हणजे उंटिणीकडे गेली. भेरारामने सांडणीला बसवून धरलं, हिने तळव्यातला काटा काढला, जखम धुतली आणि आपल्या पिशवीतलं औषध लावलं. सगळा डेरा गोळा होऊन बघत होता.

"उंट शिकवतात व्हय तुमच्यात?" मी विचारलं.

"अर्धं पान असतोय पुस्तकात," ती म्हणाली. "पण काटा म्हशीला बी तसाच बोचतोय."

बसमध्ये सगळा वेळ गप्प असलेली मुलगी पहिल्यांदा हसत होती. हरजीराम आपल्या बायकोला काहीतरी हळूच म्हणाले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिकडे आण्णासाहेबांनी दोन उभ्या केलेल्या खाटांच्या मध्ये फ्लेक्स ताणून घेतला होता. त्यावर 'वाळवंटात आपले सहर्ष स्वागत' असं होतं आणि खाली हात जोडलेले आण्णासाहेब, गॉगलसह. ज्यांच्या घरी आलो त्यांचंच स्वागत करणारा हा बोर्ड हरजीरामांनी पाय बदलत दोनदा बघितला. मग गफूरमामूंना विचारलं. मामूंची हिंदी दखनी, त्यांची मारवाडी, पण दोघांचं जमून गेलं होतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मतदान कधी हाय म्हणून इचारत्यात."

आण्णासाहेबांनी घसा साफ केला. त्यांनी मराठीतून भाषण केलं. सहकार आणि उंट यांचा संबंध जोडून दाखवला, तो मला आता आठवत नाही, तेव्हाही कळला नव्हता. मग फेटा उचलून ते हरजीरामांच्या डोक्याकडे निघाले. म्हाताऱ्याचा हात झटकन आपल्या फेट्यावर गेला.

"आण्णा, हात लावू नगा," गफूरमामू मध्ये पडले. "त्येंच्यात पगडी म्हंजे अब्रू. दुसऱ्यानं उतरवायची नसती."

"मंग सत्कार कुणाचा करायचा?"

डेऱ्यातल्या पुरुषांत पगडी नसलेलं डोकं एकच होतं. आण्णासाहेबांनी भेरारामला हाक मारली. "ओ पावणं! या की हिकडं. या पावणं, लाजू नगा."

अनोळखी माणसाला आम्ही पावणं म्हणतो. बसमध्ये शेजारी बसलेला पावणं, रस्ता विचारणारा पावणं, भांडण काढायचं असेल तर "काय पावणं?" हेच पहिलं वाक्य. मी स्वतः आयुष्यभर म्हणत आलो. पण त्या हाकेसरशी डेऱ्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि हरजीराम खाटेवर सरळ होऊन बसले.

भेराराम पुढे आला. आण्णासाहेबांनी त्याची टोपी काढून भगवा फेटा बांधला. शाल घातली. पद्मक्कांनी ताट घेऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. नारळाची पिशवी स्नेहलजवळ होती.

"स्नेहल, पावण्यांस्नी नारळ दे गं," आण्णासाहेब म्हणाले.

तिने दिला. भेरारामने बापाकडे बघितलं. बापाने मान हलवली. भेरारामने दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि खाली मान घालून छातीशी धरला. आमच्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी बायकांनी गाणं सुरू केलं. कुणीतरी थाळी बडवायला लागलं. एक पोरगी पितळी ताटात गूळ घेऊन आली आणि प्रत्येकाच्या तोंडात खडा घालत सुटली.

"बघा," आण्णासाहेब मला म्हणाले. "सत्काराची भाषा सगळीकडं कळती."

गूळ तोंडात गेल्यावर मात्र त्यांच्यातला अडत्या जागा झाला. "हे काय खरं न्हाय. पावडर मारल्याली हाय ह्यात. मामू, सांगा त्यास्नी, मी पाठवून देतो आमच्याकडचा. सगळ्या डेऱ्याला पुरंल एवढा. काळजीच करू नगा म्हणावं, माझ्याकडं लागलं."

गफूरमामूंनी सांगितलं. हरजीराम उठले, दोन्ही हात पसरून आले आणि आण्णासाहेबांना कडकडून भेटले. मग काही वाक्यं बोलले. ती ऐकता ऐकता मामूंचा चेहरा रश्श्यात मीठ दोनदा पडल्यासारखा झाला.

"आण्णा, जरा बसून घ्या."

"कशाला? उभा हाय की मी."

"न्हाय, बसाच."

आण्णासाहेब फ्लेक्सखाली बसले.

"त्येंच्यात पावणा म्हंजे जावई. तुमी पोराला सगळ्यांपुढं जावई म्हणलासा. वयनींनी टिळा लावला. त्येंच्यात पोरीकडनं नारळ आला आन् पोरानं झेलला की सोयरीक झाली. आन् आत्ता तुमी लग्नातला गूळ बी कबूल केलासा."

थाळीचा आवाज चालूच होता. बापूंनी हळूच विचारलं, "मुहूर्त कवाचा म्हणत्यात?" 

"नारळ परत घ्या," आण्णासाहेब म्हणाले.

मामूंनी विचारून सांगितलं, "घेतल्याला नारळ परत द्यायचा म्हंजे डेऱ्याची अब्रू जाती. आन् पोरगी त्यास्नी पसंत हाय. लई पसंत हाय. उंटाची डॉक्टर सून म्हंजे, त्या म्हातारबाई म्हणत्यात, घरात विहीर सापडल्यागत."

"अहो, माझ्या पोरीचं मलकापूरला ठरलंय!"

हे मारवाडीत गेलं. गाणं थांबलं. हरजीराम परत खाटेवर बसले, चिलीम बाजूला ठेवली आणि तीनच शब्द बोलले. ते मलाही कळले.

"छोरी नै पूछ्यो?"

"काय म्हणतात?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"पोरीला इचारलं का म्हणत्यात."

"कशाबद्दल?"

"लग्नाबद्दल."

"कुठल्या?"

गफूरमामूंनी जरा विचार केला. "कुठल्या ते त्येंनी सांगितलं न्हाय, आण्णा."

आण्णासाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. सभेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते चहा सांगत. इथे चहा सांगायला कोणी नव्हतं. हरजीराम मात्र सांगत राहिले आणि मामू आम्हाला. सांडणीसुद्धा दुसऱ्याच्या कळपात द्यायची तर आधी तिला त्या कळपाबरोबर चार दिवस चालवून बघतात. ती मागे वळून बघत राहिली तर दोर परत आपल्या हातात. ही खरंच त्यांची रीत होती की म्हाताऱ्याने तिथल्या तिथे रचली, मला माहीत नाही. चांगली म्हातारी माणसं रीती रचतात, हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे.

मग त्यांनी स्नेहललाच जवळ बोलावलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "बेटी, डेरे के साथ चलेगी? साल में आठ महीना पैदल. पानी मिले तो नहाना, न मिले तो राम-राम."

स्नेहलला हसू आलं. भेराराम फेट्याच्या ओझ्याखाली पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता.

"नहीं, बाबा," ती म्हणाली. "ऊँट देखने आऊँगी. बुलाओ तब आऊँगी. शादी के लिए नहीं."

भेरारामने तिथल्या तिथे फेटा उतरवला आणि टोपी घातली. सगळ्यात मोठा सुस्कारा त्याचाच होता. नंतर कळलं की त्याची शेजारच्या डेऱ्यात कुणाशी तरी बोलणी चालू होती, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. हरजीरामांच्या बायकोने त्याच्या हातातला नारळ घेतला, दगडावर आपटून फोडला आणि तुकडे वाटायला घेतले. पोरीने स्वतः नाही म्हटलं तर अब्रूचा प्रश्न येत नाही, मग नारळ खाण्यासाठीच उरतो, असं मामूंनी आम्हाला सांगितलं.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. मी मंडळींना उंटांकडे वळवणार होतो, तेवढ्यात स्नेहल बापाकडे वळली.

"आण्णा, मलकापूरला बी न्हाय."

"काय न्हाय?"

"लग्न न्हाय करायचं मला तिथं. मला म्हशी बघायच्यात. गल्ल्यावर बसायचं न्हाय."

"ते काढायचं हाय व्हय हितं? चारचौघांत?"

"घरात इचारला असतासा तर घरात सांगितलं असतं."

आण्णासाहेबांनी पद्मक्कांकडे बघितलं. पद्मक्का नारळाच्या तुकड्याची पाठ चाकूने सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बी कुठं इचारलासा."

बायकांनी मामूंना गराडा घातला होता. मामूंनी भाषांतर केलं तसा बायकांत एकदम कलकलाट झाला. म्हातारीने स्नेहलच्या हातात नारळाचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.

"आता त्या लोकांस्नी कोण सांगणार?" आण्णासाहेब म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "पुढच्या आठवड्यात सुपारी. माझ्यानं न्हाय सांगायचं. मी शब्द दिलाय."

"मी सांगते. नंबर द्या."

"हितं रेंज न्हाय," ते म्हणाले. मला वाटतं, हे म्हणताना त्यांना थोडा आधार वाटला.

भेराराम पुढे आला आणि मागच्या उंच टेकडीकडे बोट दाखवलं. "टीबे पर आवै है." टेकडीवर रेंज येत असे, मॅचचा स्कोअर बघायला तो तिथेच जायचा.

आण्णासाहेबांनी खिशातून फोन काढला, नंबर शोधून तिच्यापुढे धरला. ती टेकडी चढायला लागली. वाळूत चढणं म्हणजे दोन पावलं वर, एक खाली. चप्पल हातात घेतली, पुन्हा चढली. आम्ही आणि सगळा डेरा खाली उभे राहून माना वर करून बघत होतो. पश्चिमेला सूर्य लाल होऊन टेकत होता. त्याच्यासाठी मी एवढी सगळी आखणी केली होती आणि त्याच्याकडे आम्हा सगळ्यांची पाठ होती. एका उंटाने फ्लेक्सचा कोपरा चघळायला घेतला, त्याला कुणी हाकललं नाही.

ती माथ्यावर पोहोचली. फोन वर धरला, फिरवला, मग कानाला लावला.

"लागला काय?" बापू म्हणाले.

"गप बसा की. वाजतोय अजून," आण्णासाहेब म्हणाले. एवढ्या लांबून त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

 मग तिचा मोकळा हात हलायला लागला. आडवा, ठाम, बोटं जुळवलेली. आण्णासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"लागलाय," ते म्हणाले. "हात बघा तिचा. वार्षिक सभेत माझा हालतोय तसाच हालतोय. आता पलीकडच्या माणसाला बोलायला काय मिळत न्हाय."